दुसऱ्याच्या तोंडचे शब्द

शाळेच्या प्रकल्पासाठी मुलांना मुलाखती घ्यायला सांगतात. ते काम मुले खरोखर करतात, की रात्री जेवणाच्या टेबलावर आईवडीलच उरकून टाकतात? बंगळूरसारख्या बहुभाषी शहरात एखादा विद्यार्थी वही घेऊन दारोदार जातो, तेव्हा त्याच्या हाती नेमके काय लागते?

प्रकल्प उद्या द्यायचा असतो आणि आज रात्री नऊ वाजता दप्तरातून तो कागद बाहेर येतो. ‘आपल्या परिसरातील पाच ज्येष्ठ व्यक्तींना भेटा, त्यांच्या मुलाखती घ्या आणि निष्कर्ष लिहा.’ मग घरात धावपळ सुरू होते. आजी एक झाली, शेजारचे काका दोन. उरलेल्या तिघांची नावे बाबा सुचवतात आणि त्यांची उत्तरे आई सांगते. मूल सुवाच्य अक्षरात सारे उतरवून घेते, वर रंगीत कागदाचे वेष्टन लावते, आणि दहापैकी नऊ गुण घेऊन घरी येते. वर्ष संपले की ती फाईल रद्दीत जाते.

यात कुणाचे काय बिघडले, असे कुणीही विचारील. मुलाचा अभ्यास झाला, शिक्षकांचे रकाने भरले, शेजारच्यांना त्रासही झाला नाही. पण थोडे थांबून पाहिले तर एक गोष्ट खटकते. ज्या तिघांना कुणी भेटलेच नाही, त्यांच्या तोंडी त्या मुलाने शब्द घातले. आणि ते त्याला घरच्यांनी शिकवले. हल्ली संगणकाला सांगितले तर तो पाचच काय, पन्नास काल्पनिक मुलाखती क्षणात लिहून देतो. त्यामुळे हा प्रश्न आता जेवणाच्या टेबलापुरता राहिलेला नाही.

शाळांनी हे काम का दिले?

पूर्वी शाळेत ‘प्रकल्प’ म्हणजे थर्मोकोलचा ज्वालामुखी. मुलाखती, सर्वेक्षण, परिसराचा अभ्यास हे प्रकार अलीकडचे. त्याला दोन घटना विशेष कारणीभूत झाल्या. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा होऊ लागला. पुस्तकात वाचून पर्यावरण कळत नाही, त्यासाठी जवळचा ओढा, कचऱ्याचा ढीग, रस्त्यावरची झाडे पाहावी लागतात, तिथल्या माणसांशी बोलावे लागते. त्यानंतर प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार केला. शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा, असा त्याचा आग्रह होता. या आराखड्यानंतर निघालेल्या समाजशास्त्राच्या अकरावीच्या पुस्तकात संशोधन कसे करावे यावर स्वतंत्र प्रकरण आले, आणि बारावीच्या एका पुस्तकाच्या शेवटी प्रकल्पांसाठी विषय सुचवण्यात आले.

हेतू चांगला होता. पण मुलाखत घेणे ही एक विद्या आहे आणि ती शिकवावी लागते, याकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष झाले. मुलाच्या हाती प्रश्नावली दिली जाते. दार उघडल्यावर काय बोलायचे, समोरचा माणूस गप्प बसला तर काय करायचे, त्याने दिलेले उत्तर कुणाच्या मालकीचे, हे कुणीच सांगत नाही.

बंगळूरच्या दारात

हे काम बंगळूरमध्ये तर आणखी अवघड. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे ‘बेंगळुरू’ झालेल्या या शहरात एकाच गल्लीत चार-पाच भाषा नांदतात. २०११ च्या जनगणनेनुसार बंगळूर शहर जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. बाकीच्या घरांत तमिळ, तेलुगू, उर्दू, मल्याळम, हिंदी, मराठी. आणि मुलाची प्रश्नावली मात्र बहुधा इंग्रजीत छापलेली!

नववीतली एखादी मुलगी ‘आपल्या भागातील पाणी’ हा विषय घेऊन निघाली असे समजू. पहिल्या दारी इंग्रजी चालते. दुसऱ्या दारी कन्नड लागते. तिसऱ्या घरातल्या आजीबाई फक्त तेलुगू बोलतात, तेव्हा त्यांची सून मध्ये पडून अर्थ सांगते. आजीबाई पाच मिनिटे हातवारे करून बोलतात आणि सून एवढेच सांगते, ‘पाणी चांगलं होतं म्हणतात.’ मुलगी वहीत लिहिते : ‘पाणी चांगले होते.’ आजीबाईंची पाच मिनिटे कुठे गेली? विहिरीवर कुणाला येऊ देत, कुणाला नाही, घागर कितव्या वर्षी डोक्यावर आली, नळ कधी आला, हे सारे त्या एका वाक्यात विरून गेले. चौकस मूल असेल तर त्याला ते जाणवते. ते सुनेला पुन्हा विचारते, ‘आजी आणखी काहीतरी म्हणाल्या ना?’ खरी मुलाखत इथे सुरू होते.

आणि बंगळूरमध्ये पाण्याविषयी विचारण्यासारखे पुष्कळ आहे. या शहराला मोठी नदी नाही. पावसाचे पाणी अडवून बांधलेल्या तलावांवर ते वाढले. तलावाला कन्नडमध्ये ‘केरे’ म्हणतात आणि गावांच्या, वस्त्यांच्या नावांत तो शब्द आजही सापडतो. मॅजेस्टिकच्या केंपेगौडा बसस्थानकावर रोज असंख्य माणसे उतरतात. त्या जागी एके काळी धर्मांबुधी तलाव होता. जिथे फुटबॉलचे सामने होतात ते कंठीरव स्टेडियम संपंगी तलावाच्या जागेवर उभे आहे. त्या तलावाचा एक लहानसा चौकोनी तुकडा अजून शिल्लक असून चैत्रातल्या करग उत्सवात त्याला मान असतो. हा उत्सव तिगळ समाजाचा. परंपरेने हे लोक माळीकाम करणारे, म्हणजे पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेले.

अझीम प्रेमजी विद्यापीठातील हरिणी नगेंद्र आणि त्यांच्या सहकारी हिता उन्नीकृष्णन यांनी बंगळूरच्या अशा तलावांचा अभ्यास केला. जुने नकाशे पाहिले, सरकारी दप्तरे चाळली, आणि त्याबरोबर जुन्या रहिवाशांना गाठून त्यांच्या आठवणी विचारल्या. नकाशावर तलावाची हद्द दिसते. त्यात गुरे कोण धुवायचे, गाळ कोण काढायचे, काठावर भाजीचे वाफे कुणाचे होते, हे मात्र माणसांनाच विचारावे लागते. ज्यांनी ते पाहिले ती माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. नववीतल्या मुलीने आज त्यांना विचारले नाही, तर तिच्या धाकट्या भावाला विचारायला कुणी उरेलच असे नाही.

म्हैसूरचा विद्यार्थी, मुंबईचे गुरू

मुलाखती घेत घेत मोठा झालेला एक विद्यार्थी बंगळूरकरांना चांगला ठाऊक आहे. त्याचे नाव म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास. जन्म १६ नोव्हेंबर १९१६, म्हैसूरचा. पदवी घेतल्यावर तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला आला. तिथे विभागप्रमुख होते डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये, मूळचे मालवणचे. आपल्या इरावती कर्वे यांनीही याच घुर्यांच्या हाताखाली शिक्षण घेतले होते.

घुर्यांनी या विद्यार्थ्याला एम.ए.च्या प्रबंधासाठी जो विषय दिला तो त्याच्या अंगणातलाच होता : म्हैसूरकडील कन्नड जातींमधील विवाह आणि कुटुंब. ज्या लग्नांत लहानपणापासून जेवला, त्याच लग्नांकडे आता त्याला परक्यासारखे पाहायचे होते. ‘असे का करता?’ असा प्रश्न ज्यांना कधी विचारला नव्हता, त्यांना विचारायचा होता. हा प्रबंध १९४२ मध्ये पुस्तकरूपाने आला. पुढे कुर्गच्या लोकांवर संशोधन करून श्रीनिवास ऑक्सफर्डला गेले.

शिक्षण संपले, पण विचारण्याचे काम संपले नाही. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. आपल्या लेखनात त्यांनी या गावाला ‘रामपुरा’ असे टोपणनाव दिले. गावच्या पाटलाने त्यांना आपल्या मालकीच्या एका घरात जागा दिली. तिथे बैल बांधले जात, म्हणून ते बैलांचे घर म्हणूनच ओळखले जाई. ऑक्सफर्डचा अध्यापक आणि शेजारी बैल! जवळजवळ वर्षभर ते तिथे होते. गावकऱ्यांशी बोलणे हेच काम. गावकरीही त्यांना प्रश्न विचारत. हा शिकलेला माणूस शहर सोडून इथे कशाला आला, याचे कुतूहल त्यांनाही होतेच.

या कामातून श्रीनिवास यांनी समाजशास्त्राला काही शब्द दिले, ते आज वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळतात. ‘व्होट बँक’ हा शब्दप्रयोग त्यांच्या १९५५ मधील एका लेखातून रूढ झाला असे मानतात. ‘संस्कृतीकरण’ आणि ‘प्रभावी जात’ या कल्पनाही त्यांच्याच. अशा कल्पना ग्रंथालयात बसून सुचत नाहीत. गावच्या कट्ट्यावर तासन्‌तास ऐकत बसावे लागते.

ओसरीवरून दिसणारे गाव

श्रीनिवास यांच्याकडून शाळेतल्या मुलाने शिकावी अशी एक गोष्ट मात्र यापेक्षा मोलाची आहे. आपण कुठे बसलो होतो, हे त्यांनी लपवले नाही. ते जन्माने ब्राह्मण. राहायला होते पाटलाच्या आश्रयाला. साहजिकच वरच्या जातींच्या पुरुषांशी त्यांचे बोलणे सहज होई. दलितांच्या वस्तीत मोकळेपणाने जाणे, तिथल्या लोकांशी किंवा गावातल्या बायकांशी तसेच बोलणे त्यांना जमले नाही. आपल्याला दिसलेले गाव वरच्या थरातून दिसलेले आहे, हे त्यांनी लिहून ठेवले.

आता शाळेच्या प्रकल्पाकडे वळू. मूल पाच मुलाखती घेते त्या कुणाच्या? आजोबांचे मित्र, सोसायटीचे सेक्रेटरी, बाबांच्या ऑफिसातले एक काका. सगळे एकाच पद्धतीच्या घरांत राहणारे. ‘आमच्या भागात पाण्याची टंचाई नाही’ असा निष्कर्ष निघतो, कारण टँकर आला की पैसे देता येतात. सोसायटीत भांडी घासायला येणाऱ्या बाई कुठून पाणी भरतात, वॉचमनच्या खोलीत नळ आहे का, हे कुणी विचारलेलेच नसते. इस्त्रीवाले, फुलांच्या माळा विकणाऱ्या आजी, पेपर टाकणारा मुलगा, यांपैकी एकाचा जरी पाचांत समावेश केला, तर निष्कर्ष बदलतो. आणि मूल स्वतःशी एवढे नक्की म्हणते की, मी ज्यांना विचारले त्यांनी हे सांगितले, सगळ्यांना विचारले असते तर वेगळे निघाले असते. एवढी समज आली तर गुण कितीही मिळोत, प्रकल्प सार्थकी लागला म्हणायचे.

तीन प्रती आणि एक आग

रामपुऱ्याच्या कथेला पुढे एक वेदनादायक वळण लागले. १९५२ मध्ये श्रीनिवास पुन्हा त्या गावी जाऊन आले. मग प्राध्यापकीच्या व्यापात वर्षे गेली. वर्षानुवर्षे खपून त्यांनी टिपणांची नीट मांडणी केली. १९७० मध्ये ते पुस्तक लिहिण्यासाठी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील एका अभ्यासकेंद्रात गेले होते. तो व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनांचा काळ होता. २४ एप्रिल १९७० रोजी कुणीतरी त्या केंद्राला आग लावली. मांडणी केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती श्रीनिवास यांच्या तिथल्या खोलीत होत्या. तिन्ही जळाल्या.

मूळ रोजनिशा भारतात राहिल्या होत्या म्हणून वाचल्या. पण त्यांच्यावर केलेली एवढ्या वर्षांची मेहनत राखेत गेली. सोल टॅक्स या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांना सुचवले की, आठवते तसे लिही. त्यांनी तसेच लिहिले, आणि १९७६ मध्ये आठवणीतल्या त्या खेड्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात तक्ते, आकडे कमी आहेत. गावचा पाटील, त्याचे रागलोभ, शेतातली कामे, भांडणे आणि मैत्री यांनी ते भरलेले आहे. माणसे नीट ऐकली होती म्हणूनच ती कागदाशिवाय आठवली.

पुढे श्रीनिवास बंगळूरलाच स्थायिक झाले. १९७२ मध्ये अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर तेथील सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. नंतर ते तेथील राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेत होते. ३० नोव्हेंबर १९९९ रोजी बंगळूरमध्येच त्यांचे निधन झाले.

विचारले, आणि साकव मिळाला

मुलाखत देणाऱ्याला त्यातून काय मिळते? हा प्रश्न मुलांना शाळेत फारसा कुणी विचारत नाही. शहरातल्या गरीब वस्त्यांत वर्षाला कितीतरी विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन येतात. उत्तरे घेऊन जातात ते पुन्हा दिसत नाहीत. ‘मागच्या वर्षीही एक मुलगी आली होती, तिनं हेच विचारलं’ असे ऐकल्यावर विचारणाऱ्याची मान खाली जाते.

याचे एक उत्तर कर्नाटकातल्याच मुलांनी दिले आहे. बंगळूरच्या ‘कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन’ या संस्थेच्या मदतीने १९९० मध्ये काम करणाऱ्या मुलांची ‘भीमा संघ’ ही संघटना उभी राहिली. हॉटेलात कपबशा विसळणारी, शेतात राबणारी, घरकाम करणारी ही मुले. पुढे उडुपी जिल्ह्यातल्या कुंदापूर तालुक्यात मुलांच्या पंचायती सुरू झाल्या आणि मुलांनीच आपल्या गावांची घरोघर पाहणी केली. प्रश्न त्यांनीच ठरवले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रांचा उपयोग केला.

हा सगळा भाग भरपूर पावसाचा. पावसाळ्यात ओढे दुथडी भरून वाहतात आणि पलीकडच्या वाडीतली मुले शाळेला मुकतात. मुलांच्या पाहणीत ही अडचण ठळकपणे पुढे आली. कोकणात आपण ज्याला साकव म्हणतो त्याला तिकडे ‘कालु संक’ म्हणतात. असे साकव हवेत, अशी मागणी मुलांनी माहितीसह पंचायतीपुढे मांडली आणि काही ठिकाणी ते उभेही राहिले. ज्या घरातून माहिती घेतली त्याच घरातल्या पोराला त्या साकवावरून चालता आले. घेतलेल्या उत्तराची परतफेड याहून चांगली कशी होणार?

प्रत्येक प्रकल्पातून पूल बांधून होणार नाही. पण परतफेडीचे साधे मार्गही आहेत. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या डोंगराळ भागात १९६६ मध्ये एका शाळेच्या मुलांना इंग्रजीच्या तासाला कंटाळा येत होता. त्यांना गावातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवण्यात आले. साबण घरी कसा करायचे, ओंडक्यांचे घर कसे बांधायचे, घरगुती औषधे कोणती, हे विचारून मुलांनी ‘फॉक्सफायर’ नावाचे मासिक काढले. १९६७ मध्ये पहिला अंक निघाला. १९७२ मध्ये त्याचे पुस्तक झाले आणि ते देशभर गाजले. ज्यांना आजवर अडाणी डोंगरी म्हणून हिणवले गेले, त्या म्हाताऱ्यांचे शब्द त्यांच्या नावानिशी छापून आले होते.

माहितगार घरातच आहेत

मराठी कुटुंबांना यासाठी फार दूर जायला नको. बंगळूरशी मराठी माणसाचा संबंध आयटी कंपन्यांमुळे आलेला नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. तेव्हापासून सैनिकीच्या, शिवणकामाच्या, रंगकामाच्या, व्यापाराच्या निमित्ताने मराठी घराणी इथे येत राहिली. जुन्या पेठांतल्या कित्येक घरांत आजही मराठी बोलली जाते. ती पुण्याची नसते. तिच्यात कन्नड क्रियापदे शिरलेली असतात, आणि पुण्यामुंबईकडे केव्हाच मागे पडलेले शब्दही तिने जपलेले असतात. तमिळ चित्रपटांचे सुपरस्टार रजनीकांत बंगळूरच्याच अशा एका मराठी घरातले. मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, आणि चित्रपटांत जाण्यापूर्वी याच शहरात बस कंडक्टर!

या घरांतल्या आजीला तिची भाषा कुठून आली, हे विचारायला नात तयार असेल, तर तो पीएच.डी.च्या तोडीचा विषय आहे. आणि बायका काय सांगू शकतात याचा पुरावा महाराष्ट्रानेच दिला आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतल्या बायकांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगितल्या. बघता बघता एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या वाचता-ऐकता येतात. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, दळणाबरोबर ओव्याही थांबल्या. कुणी जाऊन विचारले म्हणून त्या उरल्या.

बोललेल्या आठवणींना इतिहासात जागा देण्याचे काम आता जगभर चालते. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मौखिक इतिहास संघटनेची परिषद बंगळूरमध्येच भरली होती. त्या वेळी संघटनेच्या अध्यक्ष होत्या बंगळूरच्या इतिहासकार इंदिरा चौधुरी. मूल वही घेऊन आजीपुढे बसते तेव्हा ते याच कामाचा लहानसा वाटा उचलत असते.

आईबाबांनी काय करावे?

पहिली गोष्ट, उत्तरे सांगू नयेत. पाचऐवजी दोनच मुलाखती झाल्या तर दोनच लिहू द्याव्यात आणि तसे शिक्षकांना कळवावे. शिक्षकांनीही खोट्या पाचांपेक्षा खऱ्या दोनांना जास्त गुण द्यावेत.

मुलाला एकटे अनोळखी घरी पाठवू नये. दोघांची जोडी करावी, किंवा मोठ्यांपैकी कुणी सोबत जावे. मात्र सोबत गेलेल्याने गप्प बसावे. आईबाबा बोलू लागले की समोरचा माणूस मुलाकडे पाहणे सोडून देतो.

दारात गेल्यावर आधी नाव, शाळा आणि काम सांगायला शिकवावे. ‘मी हे लिहून घेऊ का? तुमचं नाव घातलं तर चालेल का?’ हे विचारावे. फोनवर आवाज टिपायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी. ‘नाही’ म्हणाले तर राग न धरता नमस्कार करून निघावे. नाही म्हणण्याचा अधिकार जसा सोसायटीच्या सेक्रेटरींना आहे, तसा घरकामाच्या बाईंनाही आहे. त्या नोकरीपायी ‘नाही’ म्हणू शकत नसतील, हेही मुलाला समजावून सांगावे.

प्रश्न असे असावेत की माणूस आठवू लागेल. ‘तलाव बुजवला याचं वाईट वाटतं का?’ असे विचारले तर ‘हो’ एवढेच उत्तर येते, आणि तेही मुलाने आधीच ठरवलेले. ‘तुम्ही माझ्याएवढ्या होतात तेव्हा घरात पाणी कोण आणायचं?’ असे विचारले की माणूस खुर्चीत सावरून बसतो. समोरचे थांबले तर लगेच पुढचा प्रश्न फेकू नये. म्हातारी माणसे आठवण शोधायला वेळ घेतात. दुःखाची गोष्ट निघाली आणि डोळे भरून आले, तर वही मिटावी, पाणी आणून द्यावे. प्रकल्प त्यापुढे मोठा नाही.

ऐकलेले त्याच संध्याकाळी लिहून काढावे. त्यांनी वापरलेला शब्द तसाच ठेवावा. आजीने ‘केरे’ म्हटले असेल तर ‘जलाशय’ लिहू नये. आणि आपल्याला पटले नाही तेही लिहावे. एकाच तलावाबद्दल दोघांनी उलटसुलट सांगितले, तर दोन्ही लिहावे आणि कोण कुठे राहत होते तेही टिपावे. फरक बहुधा तिथेच सापडतो.

शेवटचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे. गुण मिळून फाईल परत आली की ती घेऊन त्या पाचही जणांकडे पुन्हा जावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे. एखादी आजी म्हणेल, ‘मी असं नव्हते म्हटले गं.’ मग तिथल्या तिथे पेन काढून ते दुरुस्त करावे.